परभणीचं घर विकण्याआधी : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

घर विकायचं हे दिवाळीतच ठरलं होतं, आज पैशाचं ठरलं. आई आता पुण्याला दादाकडेच राहणार, मी नांदेडला. डागडुजीला दोन लाखांच्या वर जायचं नाही. अक्षय तृतीया ३० एप्रिलला आहे, त्याच्या आत इसार व्हावा अशी आईची इच्छा. माझं गणित वेगळं आहे. तूर-कापसाचा पैसा मार्चपर्यंत हातात येतो आणि पोरांच्या शाळेसाठी गावाकडून परभणीत येणाऱ्यांना जूनच्या आत बस्तान बसवायचं असतं. दोघींचं उत्तर एकच येतंय, तेवढं बरं.

दादाने यादी पाठवली: मॉड्युलर किचन, हॉलला पीओपीचं सीलिंग, सगळीकडे विट्रिफाइड टाइल्स, नवं गेट, गच्चीवर सोलर. त्याचा अंदाज सात लाख. "सात घालू अन् पंधरा वाढवून मागू." पंधरा वाढवून देणारा कोण, ते यादीत नाही.

एजंटला विचारलं. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक आधी तीन गोष्टी विचारतंय. बोअरला पाणी हाय का, छत गळतंय का, अन् कागद साफ हायत का. किचन त्याची बायको बघती, अन् ती म्हणती मी माझ्या मनासारखं करून घेईन." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. घेणाऱ्याला ज्याची भीती वाटते ते दुरुस्त करायचं. जे तो आल्या आल्या फोडणार आहे त्याला हात लावायचा नाही.

७ जानेवारी

मिस्त्रींना घेऊन घर वरपासून खालपर्यंत बघितलं. गच्चीवर ते हातोडीच्या दांड्याने ठोकत फिरले. १९९६ चा विटांचा कोबा आहे, म्हणजे छतावरचा वीटतुकड्यांचा घट्ट थर. बऱ्याच भागात आवाज भरीव येतो, पण पश्चिमेच्या कठड्यालगत आणि पाण्याच्या टाकीखाली पोकळ. खाली बरोबर त्याच जागी बेडरूमच्या छताला पोपडे आणि पांढरा खार. दादाच्या यादीत गच्ची नाही, कारण दादा दिवाळीला येतो आणि दिवाळीत छत गळत नाही.

दोन भाव आले. सगळा कोबा उकरून नवा घालायचा तर चौरस फुटाला ११० रुपये, नऊशे फुटांचे ९९ हजार. पोकळ भाग तेवढा काढून भरायचा, उतार नीट करायचा, कठड्याच्या बुडाला गोलाई करायची आणि वरून जाळी घालून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, तर सगळं मिळून ५८ हजार. दुसरं ठरवलं. सगळा कोबा उकरला तर नवा राडा, नवं ओझं आणि निम्मं बजेट एकाच ओळीत. शेवटचा हात पांढरा घ्यायचा. घर बघायला लोक एप्रिलच्या उन्हात येणार आहेत. वरच्या खोलीत दोन मिनिटं उभं राहिल्यावर माणसाला काय वाटतं, त्यावर बराच सौदा ठरतो.

सोलरचा विषय इथेच संपला. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं हे खरं, पण त्याला साधारण तीनशे फूट सावली नसलेली गच्ची लागते आणि उरलेला खर्च आपला. शिवाय नुकत्याच वॉटरप्रूफ केलेल्या गच्चीत खांबांचे पाय रोवायचे म्हणजे केलेलं काम आपणच भोसकायचं. ज्याला हवं असेल तो स्वतःच्या नावावर अनुदान घेऊन बसवेल. दादाला कळवलं. "जगात जर्मनी अन् भारतात परभणी" म्हणून हसला आणि सीलिंगवर आला.

१२ जानेवारी

भेगा. यावर जास्त वेळ घालवला, कारण घेणाऱ्याच्या डोळ्याला हीच गोष्ट आधी लागते. त्यात गेल्या वर्षी मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, परभणीतही जाणवले. तेव्हापासून भेग दिसली की लोक भूकंपच म्हणतात.

इथली खरी गोष्ट काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि घर तिच्यावर उभं. सगळीकडे सारखी हलली तर घर सहन करतं. एका कोपऱ्यात ओली आणि दुसऱ्यात कोरडी असली की भिंत तिरकी फाटते, खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होऊन वर चढते. आपल्याकडे हॉलमधल्या भेगा केसासारख्या, नुसत्या गिलाव्याच्या. स्वयंपाकघराच्या मागची मात्र तिरकी आहे आणि तिच्यात नाणं उभं राहतं.

मिस्त्रींनी काचेच्या पातळ पट्ट्या मागवल्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरच्या गोळ्यात पट्टी बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भेग थांबलेली असेल तर काच शाबूत राहते, चालू असेल तर तडकते. हॉलमध्ये दोन, मागे एक लावली. आता वाट बघायची. तोवर मागच्या भिंतीला पुट्टीचा हात लावू द्यायचा नाही, रंगारी कितीही म्हणाला तरी.

बाबांची घर बांधतानाच्या फोटोंची पिशवी कपाटात सापडली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झाली आणि बाबांनी त्यानंतर दोनच वर्षांनी पाया काढला. त्या वेळी त्यांनी प्लिंथला (जोत्याला) आणि लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीला सळईचा काँक्रीट पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवून घेतला होता. शेजारी म्हणायचे, एवढं लोखंड कशाला. फोटोत पट्टा बांधलेला स्पष्ट दिसतो. हे फोटो मोठे करून फाईलला लावायचे. कितीही खर्च केला तरी आज भिंतीच्या आतलं दाखवता येत नाही, ते इथे फुकट आहे.

१९ जानेवारी

फरशी. घरभर शहाबादी आहे, स्वयंपाकघरात कडप्पाचा ओटा. दादाला विट्रिफाइड हवी आहे, आणि त्याची बाजू एकदम चूक नाही. विट्रिफाइड घर नवं दिसतं. पण हजार फुटांना टाइल, सिमेंट, मजुरी धरून लाखाच्या वर जातं, जुनीवरच नवी बसवली तर दरवाजे खालून कापावे लागतात आणि उंबरे गाडले जातात. रंग आपण निवडायचा आणि तो घेणाऱ्याला नेमका आवडायचा, हा जुगारच. उन्हाळ्यात शहाबादीवर चटई टाकून झोपलेल्या माणसाला तिची किंमत सांगावी लागत नाही.

पॉलिशवाल्याने मशीन आणून दोन फरशा घासून दाखवल्या. काळपट थर गेला आणि आतून निळसर राखाडी निघाली. फुटलेल्या सात-आठ फरशा बदलायच्या, सांधे पुन्हा भरायचे, मग पॉलिश. २४ हजार. लगेच हो म्हटलं. ओट्याला हात लावायचा नाही, फक्त सिंकचा गळका कॉक आणि खालची कुजलेली फळी बदलायची.

२६ जानेवारी

कागद. यालाही मी घराची सुधारणाच म्हणते. खर्च कमी, पण हे झालं नाही तर बाकी सगळं वाया.

बाबा २०२२ मध्ये गेले. घर त्यांच्या नावावर होतं, मृत्युपत्र नाही. म्हणजे आई, दादा आणि मी, तिघंही वारस. एजंटने सहज विचारलं, "ताई, तुमचं हक्कसोडपत्र करून टाकायचं का आधी, म्हणजे सही कमी लागंल?" सही कमी करायला मी हक्क सोडायचा, ही इकडची जुनी रीत. दादानेच फोनवर त्याला सांगितलं की तिघंही सही करणार. वारस नोंदीचा फेरफार आणि महापालिकेच्या मालमत्ता कराला तिघांची नावं, दोन्ही अर्ज दिले.

लेआउट एनए (बिगरशेती) आहे, आदेशाची प्रत बाबांच्या ट्रंकेत होती. पलीकडच्या गल्लीत गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय पाडलेले, प्लॉट आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करता येते, पण ज्यांनी ते केलं नाही त्यांची घरं सजवलेली असूनही बँकेत अडतात. त्या गल्लीत दारात संगमरवर आहे आणि कर्ज नाही.

आपली अडचण वरची खोली. १९९५ च्या परवान्याच्या नकाशात ती नाही, नंतर बांधली. दादाची सूचना होती की तिला बाथरूम जोडू, म्हणजे भाड्याने देण्यासारखी होईल. नकाशात नसलेल्या खोलीला नकाशात नसलेलं बाथरूम जोडायचं नाही. खोली आहे तशी दाखवायची आणि ती मंजूर नकाशात नाही हे तोंडाने सांगायचं.

९ फेब्रुवारी

गच्चीचं काम संपलं. पाऊस जूनशिवाय नाही, मग गळत नाही हे दाखवायचं कसं? मिस्त्रींनी पाइपांची तोंडं बंद केली, दाराशी मातीचा बांध घातला आणि दोन इंच पाणी साठवलं. दोन दिवस राहू दिलं. खाली बेडरूममध्ये खडूने चौकट आखून ठेवली होती, ती कोरडीच राहिली. पाणी भरलेल्या गच्चीचा फोटो त्या दिवसाच्या पेपरसकट काढला आणि मिस्त्रींकडून लेटरहेडवर पाच वर्षांची हमी लिहून घेतली. लेटरहेड त्यांनी त्यासाठीच छापून आणलं, त्याचं त्यांनाच फार कौतुक.

२० फेब्रुवारी

हॉलमधल्या दोन्ही काचा शाबूत. मागची तडकली.

खणून बघितलं. बाथरूमच्या बाहेरचं चेंबर फुटलेलं, सगळं सांडपाणी पायाच्या मातीत मुरत होतं. म्हणजे तो कोपरा बारा महिने ओला आणि बाकी घराभोवतीची माती माघातच भेगाळलेली. कुणीतरी कडुनिंबाच्या मुळांना दोष दिला आणि झाड काढा म्हणाला. शहरात झाड तोडायला परवानगी लागते ते सोडा, पण ते झाड भिंतीपासून लांब आहे आणि चेंबर भिंतीला चिकटून. नवं चेंबर, नवा पाइप. घराभोवती तीन फूट रुंदीचा सिमेंटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी थांबणार नाही आणि मातीचा ओलावा एकसारखा राहील. ३१ हजार. मोजताना मला अजिबात वाईट वाटलं नाही.

दादा म्हणाला, भेग भरून रंग मारला तर कुणाला कळणार आहे? त्याला वकिलांनी सांगितलेलं कळवलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, आणि त्याच्या ५५ व्या कलमात लिहिलंय की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराची गोष्ट आहे. नव्या रंगाखालची एक झाकलेली भेग सापडली की माणूस न झाकलेल्या भिंतीवरही विश्वास ठेवत नाही. भेग लगेच भरायची नाही, पट्टा होऊन महिना जाऊ द्यायचा. तोवर नवी काच लावली.

२ मार्च

बोअर. पाण्याचा नमुना तपासायला दिला होता, त्याचा अहवाल आला. विरघळलेले क्षार लिटरला ८८० मिलिग्रॅम. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. फ्लोराइड आणि नायट्रेट मर्यादेत. म्हणजे वापरायला ठीक, प्यायला फिल्टर लागेल, आणि गिझरमध्ये खडी धरणार. अहवाल तसाच फाईलला. पूर्ण घराला सॉफ्टनर बसवायचा प्लंबरचा सल्ला नाकारला.

हौद भरून रात्री पातळीला रेघ मारली, सकाळी पाणी रेघेवरच. इकडे नळाला रोज पाणी येत नाही. हौद किती लिटरचा हे लोक हॉल किती फुटांचा याच्या आधी विचारतात.

गच्चीचे पाइप नव्याने बसवलेच होते, ते बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडले. आधी पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायची चकती, मग वाळू-खडीचा थर. मिस्त्री आणि खोदणारा दोघंही जागेवर होते म्हणून १२ हजारांत झालं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर. आपलं छत ८४ चौरस मीटर. वर्षाला ८०० मिलिमीटर धरले आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं, तरी ५३ हजार लिटरच्या पुढे जातं. याचा फायदा घेणाऱ्याला पुढच्या वर्षी दिसेल, मला किमतीत दिसणार नाही. तरी केलं. इथे पाण्याचं काम करताना नुसता हिशोब बघवत नाही.

८ मार्च

वीज आणि संडास, दोन्ही पटकन. किटकॅट फ्यूजचा लाकडी बोर्ड काढून एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा), नवं अर्थिंग. १६ हजार. आतलं वायरिंग तपासलं, बदलायची गरज नाही. दोन भारतीय संडासांपैकी एकाला कमोड बसवला, कारण घर बघायला येणाऱ्यांत एखादी गुडघे दुखणारी आजी असतेच. टाइल्स, नळ धरून १४ हजार. दुसरा तसाच ठेवला, नाहीतर तीच आजी त्याच्यावरून नाक मुरडेल.

वास्तूवाल्याने दाराची दिशा बदलायची सुचवली. चहा पाजून परत पाठवलं.

२३ मार्च

मागची नवी काच महिनाभर उन्हात शाबूत आहे. भेग उघडून, आडव्या सळया घालून, गिलावा करून बंद केली. आधीचे, चेंबरचे आणि नंतरचे फोटो एका पानावर.

रंग फक्त आतून, फिकट, सगळीकडे एकच. बाहेरून धुऊन घेतलं आणि गेटला काळा ऑइलपेंट. ३८ हजार. माळ्यावरचं सगळं भंगारात दिलं. आईची जुनी पोळपाट-लाटणी तेवढी पुण्याला जाणार. एकूण खर्च दोन लाखांच्या थोडा आत. पीओपीचं सीलिंग आणि मॉड्युलर किचन या दोन ओळी तशाच कोऱ्या.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली आणि संध्याकाळपासून घर दाखवायला सुरुवात. ५६ लाख सांगायचे. १ एप्रिलपासून रेडी रेकनरचे (ज्यावर मुद्रांक शुल्क ठरतं ते सरकारी) दर वाढणार म्हणून एजंट आज-उद्या रजिस्ट्रीची घाई सुचवत होता. घाईत केलेल्या सौद्यात आपणच पडतं घेतो, म्हणून नको म्हटलं.

१३ एप्रिल

बरेच लोक येऊन गेले. एकजण वीस लाख रोख आणि कागदावर कमी किंमत म्हणाला. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हे त्याला माहीत होतं, फक्त मला माहीत नसेल असं त्याला वाटलं.

आजचं कुटुंब जिंतूर तालुक्यातलं. नवरा शेती बघतो, बायको शिक्षिका. बाईंनी आधी मोटर चालू करायला सांगितली आणि घड्याळ लावून बसल्या. भर उन्हाळ्यात अर्धा तास बोअर अखंड चालला, तेव्हा त्या उठल्या. नवऱ्याने मागच्या भिंतीवर हात फिरवला, "हितं काहीतरी केलंय." फाईल पुढे केली. त्याने काचेच्या पट्टीचा फोटो बराच वेळ बघितला, मग बाबांचा लिंटेल पट्ट्याचा. "आमच्या गावात किल्लारीनंतर असंच सांगायले होते, कुणी केलं नाही," म्हणाला. बाईंनी ओट्याकडे बोट दाखवून हळूच सांगितलं की हे काढून टाकणार, मॉड्युलर करणार. दादाला लगेच फोन केला.

२२ एप्रिल

बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. वरची खोली मूल्यात धरली नाही, आम्ही सांगितलं होतंच, त्यामुळे किंमत त्यावरून पुन्हा घासली गेली नाही. त्यांच्या वकिलांनी १९५४ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, मागितलं. मराठवाड्यात जुनं इनाम आडवं येतंय का हे तिथून बघतात. आपली जमीन साधी निघाली. सर्च रिपोर्ट स्वच्छ.

५२ लाख ५० हजारांना ठरलं. आपल्या खर्चाने किंमत वर गेली असं मी म्हणणार नाही. आजूबाजूच्या घरांचे भाव बघता ही इथलीच किंमत आहे. पण घासाघीस करताना गळती, भेग, पाणी, कागद यांपैकी एकही कारण त्यांच्या हातात राहिलं नाही. ते फक्त ओट्यावर आणि रंगावर बोलू शकले, आणि तेवढ्यावरून दोन-तीन लाखांच्या पुढे कुणाला खाली ओढता येत नाही.

२९ एप्रिल

साठेखत (विक्रीचा करार) नोंदवलं, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, आईची तिथी सांभाळून. पुढची रजिस्ट्री बाईंच्या नावावर करणार आहेत, महिलेच्या नावाने मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. किंमत पन्नास लाखांवर असल्याने एक टक्का टीडीएस ते कापणार. आम्ही विकणारे तिघं असलो तरी मर्यादा एकूण किमतीवर धरली जाते.

सीएंनी बिलं वेगळी करायला सांगितली. घराभोवतीचा पट्टा, शोषखड्डा, नवं चेंबर ही भांडवली सुधारणा म्हणून दाखवता येईल का ते बघणार. रंग आणि पॉलिश ही दुरुस्ती, ती नफ्यातून वजा होत नाही. घर २००१ च्या आधीचं, म्हणून १ एप्रिल २००१ चं मूल्य मूळ किंमत धरायचं. मग महागाई निर्देशांक लावून २० टक्के कर की न लावता साडेबारा, हे दोन्ही मांडून बघायचं. तिघांचा हिशोब वेगवेगळा.

राहिलेलं : वीज मीटर नावावर करायचा महावितरणचा अर्ज, मिस्त्रींच्या हमीपत्राची मूळ प्रत खरेदीदाराला, वॉटरप्रूफिंगच्या बिलाची झेरॉक्स आपल्याकडे. बोअरच्या मोटरचं स्टार्टर खरखरतंय, ताबा देण्याआधी बदलून द्यायचं.